ब्रश रोज होतो, दात स्वच्छ होतात का?

सकाळी तोंड धुतल्याशिवाय चहा घ्यायचा नाही, ही शिस्त आपल्या बहुतेक घरांत अजून टिकून आहे. ब्रश रोज तोंडात जातो. तरीही दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसलं की खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला पिवळट, टणक थर निघतो आणि हिरडीला सळईचं टोक लागलं की रक्त येतं. सवय सुटलेली नसते, अर्धी झालेली असते. सकाळचं घासणं होतं, रात्रीचं राहतं. हसताना दिसणारी बाजू घासली जाते, जिभेकडची राहते. दाताचा मधला भाग चकचकीत होतो, हिरडीलगतची कड तशीच. दोन दातांमधल्या फटीत तर ब्रशचे केस पोचतच नाहीत.

ज्यांना ही सवय पहिल्यापासून नीट बसवायची आहे, त्यांनी नवीन काही विकत आणण्याआधी आपण सध्या कुठे कमी पडतो ते बघावं. त्यासाठी फार काही लागत नाही.

आधी एक तपासणी

रात्री नेहमीसारखे दात घासा, मुद्दाम जास्त वेळ नको. मग ओठांना थोडं तूप किंवा व्हॅसलीन चोळा, म्हणजे ओठ रंगणार नाहीत. चमचाभर पाण्यात खायच्या लाल रंगाचे चार-पाच थेंब टाका, ते पाणी अर्धा मिनिट तोंडात सगळीकडे फिरवा आणि थुंका. साध्या पाण्याने एकदाच चूळ भरा. आता आरशासमोर मोबाइलचा टॉर्च लावून बघा. आतल्या बाजूंसाठी मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालतो. स्वच्छ दातावरून रंग वाहून जातो. जिथे तो चिकटून राहिला तिथे प्लाक आहे, म्हणजे जंतूंचा मऊ, चिकट थर. अंगावर जुना टॉवेल घ्या आणि बेसिन लगेच धुवा, नाहीतर घरचे ओरडतील. रंग नसेल तर कच्च्या बीटचा तुकडा नीट चावून थुंकला तरी बरंचसं कळतं. दवाखान्यांत यासाठी खास गोळ्या असतात, पण घरच्या अंदाजाला एवढं पुरे.

बहुतेकांना लाल रंग ठरावीक जागीच सापडतो. खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू, वरच्या शेवटच्या दाढांची गालाकडची बाजू, सुळ्याजवळचा कोपरा जिथे हात वळवताना ब्रश उडी मारतो, आणि जवळपास सगळ्या दातांची हिरडीलगतची बारीक रेघ. पहिल्या दोन जागांचं कारण लाळेत आहे. जिभेखाली आणि वरच्या दाढांसमोर गालात लाळेच्या नळ्या उघडतात. लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट तिथल्या प्लाकमध्ये मुरतं आणि काही दिवसांतच त्याचं किटण होतं. मऊ प्लाक ब्रशने निघतो. किटण निघत नाही, कितीही जोर लावा. ते डॉक्टरांनीच काढायचं.

दुसरी खूण म्हणजे रक्त. घासताना ब्रशवर किंवा थुंकीत गुलाबी रंग दिसला की बरेच जण घाबरून ती जागा घासणं सोडतात, आणि इथेच सगळं उलटं होतं. निरोगी हिरडीतून घासल्याने रक्त येत नाही. ते येतं कारण कडेला प्लाक साचून हिरडी सुजलेली असते. ती जागा टाळली की प्लाक वाढतो आणि रक्तही वाढतं. डेन्मार्कमध्ये १९६५ साली हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण थांबवायला लावलं. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणून रक्त येणारी जागा मऊ ब्रशने, हळू, पण रोज घासायची. दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबलं नाही, तर आत किटण आहे असं समजा आणि डॉक्टरांकडे जा.

तंबाखू खाणाऱ्या किंवा सिगारेट-विडी ओढणाऱ्यांना ही खूण फसवते. निकोटिनमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार असूनही रक्त कमी येतं. ‘माझ्या हिरड्या ठणठणीत आहेत’ हे त्यांनी स्वतः ठरवू नये.

ब्रश आणि पेस्ट

ब्रश ‘सॉफ्ट’ घ्यायचा. ‘हार्ड’ ब्रशने दात जास्त स्वच्छ होतात हा समज चुकीचा आहे. त्याने हिरडी मागे सरकते आणि दाताच्या मुळाशी खाच पडते. ब्रशचं डोकं लहान असावं, एका वेळी दोन-तीन दातच झाकेल एवढं. मोठ्या डोक्याचा ब्रश शेवटच्या दाढेमागे जात नाही. दर तीन महिन्यांनी ब्रश बदला, केस त्याआधी फाकले तर त्याआधी. महिन्याभरातच केस फाकत असतील तर दोष ब्रशचा नाही, तुम्ही रगडताय.

जोर किती हवा हे समजून घ्यायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा कामी येतो. ब्रशचे केस काट्यावर टेकवून नेहमीच्या जोराने दाबा. १५०-२०० ग्रॅमच्या आसपास आकडा आला तर ठीक. पाचशेच्या पुढे जाणारे खूप असतात. त्यांनी ब्रश मुठीत न धरता पेनासारखा तीन बोटांत धरावा. तसा धरला की जोर आपोआप उतरतो. घासल्यावर ब्रश धुवून झटकायचा आणि उभा, उघडा ठेवायचा. टोपण लावून ओला ठेवलेला ब्रश वाळत नाही. घरातल्या सगळ्यांचे ब्रश एकाच पेल्यात केसाला केस लावून ठेवू नयेत.

पेस्टच्या बाबतीत डब्याची पुढची बाजू वाचू नका, मागची वाचा. बघायची ती एकच गोष्ट: फ्लोराइड आहे का आणि किती. भारतात पेस्टमध्ये जास्तीत जास्त १००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग, फ्लोराइड घालता येतं आणि ते प्रमाण ट्यूबवर छापावं लागतं. घटकांमध्ये सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेट किंवा सोडियम फ्लोराइड असं नाव दिसेल. मोठ्या माणसाला १००० पीपीएमच्या आसपासची पेस्ट हवी. ब्रिटन, आखातात राहणाऱ्यांना तिथल्या दुकानांत १४५० पीपीएमपर्यंतच्या पेस्ट सहज मिळतात. मोठ्यांसाठी त्या चांगल्याच. लवंग, कडुनिंब, मीठ घातलेल्या पेस्ट वापरायला हरकत नाही, पण त्यांतल्या अनेकींत फ्लोराइड नसतं, आणि कीड रोखण्याचा जो भाग पेस्टकडे आहे तो फ्लोराइडच करतं. ट्यूबच्या शेपटीवरच्या हिरव्या-काळ्या चौकोनावरून पेस्ट ‘नैसर्गिक’ की ‘केमिकल’ ते कळतं, असा मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरत असतो. तो चौकोन पॅकिंगच्या मशीनला ट्यूब कुठे कापायची हे कळावं म्हणून असतो, बाकी काही नाही.

जाहिरातीत ब्रशभर पेस्टची लाट दाखवतात. वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जास्त पेस्टने फेस जास्त होतो, फेस झाला की थुंकावंसं वाटतं आणि माणूस अर्ध्या मिनिटात मोकळा होतो. वारंवार तोंड येत असेल तर सोडियम लॉरिल सल्फेट (फेस आणणारा घटक) नसलेली पेस्ट महिनाभर वापरून बघा. काहींना फरक पडतो.

घासायची पद्धत

अमेरिकेतले डॉक्टर चार्ल्स बास यांनी १९४०च्या दशकात ही पद्धत मांडली. थोड्याफार बदलाने ती आजही जगभर शिकवली जाते. आडवं खसाखसा घासण्याची सवय असलेल्यांना पहिले आठ दिवस ती संथ आणि अवघडल्यासारखी वाटते.

१. ब्रश ओला करायचा असेल तर किंचित करा, पेस्ट केसांत दाबून बसवा. वर नुसती ठेवली तर पहिल्याच दातावर सगळी संपते.

२. सुरुवात खालच्या दातांच्या आतल्या बाजूने, उजव्या टोकाच्या दाढेपासून करा. माणूस ज्या जागेपासून सुरू करतो ती सर्वांत नीट घासली जाते, आणि बहुतेक जण समोरच्या दातांपासून सुरू करतात.

३. केस हिरडी आणि दात जिथे भेटतात त्या रेघेवर तिरपे टेकवा, साधारण ४५ अंशांत. खालच्या दातांना केसांची टोकं खाली हिरडीकडे, वरच्या दातांना वर हिरडीकडे. केसांची निम्मी टोकं हिरडीवर आणि निम्मी दातावर असली पाहिजेत.

४. ब्रश जागचा न हलवता केसांची टोकं तिथल्या तिथे थरथरवा, दहा-पंधरा वेळा. हालचाल मिलिमीटरभराची. ब्रश दोन दात ओलांडून पुढे गेला तर ते घासणं झालं, थरथरवणं नाही.

५. मग मनगट वळवून ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवा, म्हणजे सुटलेला प्लाक बाहेर येतो. पुढच्या दोन-तीन दातांवर सरका; मागच्या जागेचा थोडा भाग पुन्हा घ्या.

६. पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश आडवा बसत नाही. तो उभा धरा आणि डोक्याच्या पुढच्या टोकाने वर-खाली करा.

७. चावायच्या बाजू सर्वांत शेवटी. तिथे पुढे-मागे घासलं तरी चालतं. शेवटच्या दाढेची मागची बाजू घासताना तोंड अर्धं मिटा. तोंड पूर्ण उघडलं की गाल ताणला जातो आणि ब्रशला जागा उरत नाही.

सगळं मिळून दोन मिनिटं. ३२ दातांवर वाटली तर एका दाताला चार सेकंदही येत नाहीत, तेव्हा दोन मिनिटं काही जास्त नाहीत. मोबाइलवर टायमर लावा आणि दर ३० सेकंदाला तोंडाचा एक चतुर्थांश भाग उरका. बिनटायमरचं घासणं एका मिनिटाच्या आत संपतं, आणि संपवणाऱ्याला ते तीन मिनिटांचं वाटतं.

झाल्यावर थुंका. खळखळून चूळ भरू नका. हे आपल्याकडच्या सवयीच्या अगदी उलट आहे. तोंडातला फेस पूर्ण गेला नाही तर दात घासल्यासारखं वाटत नाही. पण भरपूर पाण्याने चूळ भरली की दातावर राहायला हवं ते फ्लोराइडही बेसिनमध्ये जातं. अगदीच राहवत नसेल तर चमचाभर पाणी फिरवून थुंका. जेवल्यानंतर चूळ भरायची जुनी पद्धत मात्र अजिबात सोडू नका, ती उत्तम आहे. फक्त ब्रशनंतर नको.

बॅटरीवरचा ब्रश असेल तर त्याने घासायचं नसतं. तो हिरडीच्या कडेला दोन-तीन सेकंद धरून पुढच्या दातावर न्यायचा. हात फिरवला की त्याचा उपयोग जातो. संधिवाताने बोटं आखडलेल्यांना तो खरंच सोयीचा पडतो. तो नसेल तर साध्या ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून रबरबँडने जाड करा, पकड बसते.

जीभ शेवटी. स्टीलची किंवा तांब्याची पट्टी मागून पुढे, हलक्या हाताने, तीन-चार वेळा. ओकारी येईपर्यंत आत घालायची गरज नाही. तोंडाला येणाऱ्या वासाचा बराच भाग जिभेच्या मागच्या पांढऱ्या थरातून येतो.

फटींचं काय

एवढं करूनही दोन दातांमधली बाजू राहते, आणि मोठ्या माणसांची कीड व हिरडीचा आजार बहुतेकदा तिथूनच सुरू होतो. दात जवळजवळ असतील तर फ्लॉस, म्हणजे फटीत घालायचा खास बारीक धागा, वापरावा लागतो. साधारण एक हात लांबीचा, म्हणजे ४५ सेंटिमीटरचा तुकडा घ्या. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळा, मध्ये तीन-चार सेंटिमीटर ताणून ठेवा, आणि अंगठा व तर्जनीने दिशा द्या. दोन दातांमध्ये तो पुढे-मागे करत हळू उतरवा. वरून एकदम दाबला तर खट्कन हिरडीत घुसतो, रक्त येतं आणि माणूस कायमचा फ्लॉस सोडतो. आत गेल्यावर एका दाताला कवेत घेईल असा वळवा, हिरडीच्या किंचित आतून वर-खाली चार-पाच वेळा ओढा, मग शेजारच्या दाताला तसंच. प्रत्येक फटीला फ्लॉसचा नवा भाग. शिवणाचा दोरा वापरू नका, तो तुटून अडकतो आणि हिरडी कापतो. एखाद्या ठरावीक फटीत फ्लॉस दर वेळी फाटत असेल, तर तिथे कीड किंवा भरलेल्या सिमेंटची उंचावलेली कड असते; ती जागा डॉक्टरांना दाखवा.

वयानुसार हिरड्या खाली गेलेल्यांच्या फटी मोठ्या असतात. तिथे फ्लॉसपेक्षा छोटा फटीचा ब्रश बरा. हे वेगवेगळ्या जाडीचे मिळतात. किंचित अडून आत जाईल पण ढकलावा लागणार नाही, असा आकार हवा, आणि एका तोंडात दोन आकार लागणं नेहमीचंच. पेस्ट लावायची नाही. आत-बाहेर तीन-चार वेळा, धुवायचा, वाळवायचा. केस झडले की टाकून द्यायचा.

सेफ्टी पिन, आगपेटीची काडी, हेअरपिन, नखं यांनी दात कोरू नयेत. नेहमीचं दातकोरणं अडकलेलं मांस किंवा शेवग्याची शीर काढण्यापुरतं ठीक. एकाच फटीत रोज अन्न अडकतंय तर कोरण्यापेक्षा ते का अडकतंय ते दाखवून घ्यावं.

दिवसातून एकदा फटी साफ झाल्या तरी पुष्कळ. सगळ्या जमत नसतील तर पहिला महिनाभर फक्त दाढांमधल्या करा. रोज चार फटी करणारा महिन्यातून एकदा सगळ्या करणाऱ्यापेक्षा पुढे असतो.

रात्रीचं घासणं का टळतं

झोपेत लाळ जवळपास थांबते. दिवसभर लाळ आम्ल पातळ करते, ते निष्प्रभ करते आणि दाताला कॅल्शियम परत पुरवते. रात्री हे पहारेकरीच नसतात, आणि जेवणातलं पीठ-साखर दातांवर सात-आठ तास राहते. म्हणून दिवसातून एकदाच घासणं होणार असेल तर ते रात्रीचं असावं.

ते टळतं कारण ते अकरा-साडेअकराला, डोळे मिटत असताना ठेवलेलं असतं. जेवणानंतर लगेच, ओटा आवरायला घेताना ब्रश करून टाका. फायदा दुहेरी: कंटाळा येण्याआधी उरकतं, आणि नंतरचा फरसाणचा घास, बडीशेप-साखर, मुलांची चॉकलेटं आपोआप थांबतात. घासल्यानंतर फक्त पाणी. इथे एक चूक अगदी चांगल्या घरांत होते. मुलाचे दात घासून होतात आणि मग त्याला चमचाभर च्यवनप्राश, खोकल्याचं गोड सिरप किंवा बोर्नव्हिटाचं दूध दिलं जातं. ते आधी द्या, घासणं नंतर.

सकाळी चहाआधी घासणं योग्यच आहे. नाश्त्यानंतर पुन्हा घासायची गरज नाही, खळखळून चूळ पुरते.

दर थोड्या वेळाने काहीतरी तोंडात

साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली याला दातांच्या हिशोबात जास्त किंमत आहे. प्लाकमधले जंतू साखर मिळताच काही मिनिटांत आम्ल तयार करतात. पीएच (आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली गेला की दाताच्या कठीण आवरणातलं खनिज विरघळायला लागतं. लाळेला हे पूर्ववत करायला अर्धा तास ते तासभर लागतो. १९४०च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी याचे आलेख काढले होते. आता ऑफिसमधला दिवस बघा: साडेदहाला चहा-बिस्किट, बाराला चहा, जेवण, चारला चहा-खारी, सहाला पुन्हा चहा. प्रत्येक कपाबरोबर हा तास पहिल्यापासून सुरू होतो. चहा सोडा असं कुणी म्हणत नाही. दोन कप बिनसाखरेचे करा, बिस्किट एकाच वेळी खा, आणि चहानंतर अर्धा ग्लास पाणी प्या. गूळ, मध, खडीसाखर, खजूर हे दातांना साखरच आहेत. गुळाचा चहा तब्येतीला काय करतो ते वेगळं. दाताला तो तसाच लागतो.

मऊ पाव, केक, वेफर्स, बिस्किट यांचा लगदा दाढांच्या खाचांत बसतो आणि तिथून हलत नाही. पेढा किंवा गुलाबजाम त्यापेक्षा लवकर निघून जातो. गोड खायचंच असेल तर जेवणाबरोबर खा, त्या वेळी लाळ भरपूर असते.

लिंबू सरबत, कैरी, चिंच, कोल्ड्रिंक यांचं आम्ल थेट लागतं. दात आंबलेले असताना ब्रश करू नका. वरचा थर त्या वेळी मऊ झालेला असतो आणि ब्रशने खरवडला जातो. पाण्याने चूळ भरा, अर्धा तास थांबा. उलटी झाल्यावरही हेच, गरोदर बायकांनी विशेष लक्षात ठेवावं.

राखुंडी, मंजन आणि मशेरी

गोवरीची राख, कोळसा, विटेची पूड, जाडं मीठ यांनी दात पांढरे दिसतात, कारण वरचा थर घासून जातो. काही वर्षांनी आतला पिवळा थर दिसू लागतो आणि दात सळसळतात. लाल मंजनांत गेरू असतो, तोही खरखरीत. मंजन बोटाने लावलं तर हिरडीला मालिश होते, पण बोट कडेला आणि फटीत जात नाही. कोळशाच्या नव्या महागड्या पेस्टही याच रांगेतल्या. बाभळीचं किंवा कडुनिंबाचं दातण नीट चावून मऊ कुंचा केला आणि हिरडीकडून टोकाकडे फिरवलं तर पुढचे दात बरे निघतात. आतल्या बाजूला आणि मागे ते पुरत नाही, आणि त्यात फ्लोराइड नाही.

मशेरीचं वेगळं सांगावं लागतं. महाराष्ट्रात, कोकणात, गोव्यात तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून ती दातांना लावणाऱ्या बायका आजही पुष्कळ आहेत. ‘तुम्ही तंबाखू खाता का’ असं विचारलं तर त्या ‘नाही’ म्हणतात आणि ते त्यांच्या दृष्टीने खोटं नसतं. पण निकोटिन हिरडीतून आणि गालाच्या आतून रक्तात जातं, म्हणूनच मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही आणि डोकं दुखतं. तोंडाचा कर्करोग व्हायला तंबाखू गिळावी लागत नाही. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला भारतात १९९२पासून बंदी आहे. घरच्या तव्यावर ती लागू होत नाही. सोडायची तर आधी वेळा मोजा. दिवसातून पाच वेळा लावत असतील तर दुपारच्या बंद करा, सकाळची शेवटी. त्या प्रत्येक वेळेला ब्रश-पेस्ट हातात घ्या, कारण हातालाही सवय असते. पहिले काही दिवस चिडचिड होते, पोटाची तक्रार येते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८०० ११ २३५६ हा क्रमांक मोफत आहे.

घरातली लहानं आणि म्हातारी

पहिला दुधाचा दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, आणि घासणं त्याच दिवसापासून. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. बाळाला मांडीवर, डोकं तुमच्या पोटाला टेकवून झोपवा. समोर उभं राहून घासण्यापेक्षा आतलं नीट दिसतं. मूल स्वतः घासत असलं तरी सात-आठ वर्षांपर्यंत नंतर एक हात मोठ्यांनी फिरवायचा. त्याला गोल गोल घासायला शिकवलं तरी चालेल. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. वरचे पुढचे चारही दात त्याने जातात.

सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे आईवडिलांना ती दुधाचीच वाटते आणि ‘पडणारच आहे’ म्हणून कीड लागू दिली जाते. ती आयुष्यभराची दाढ आहे. तिच्या खोल खाचा डॉक्टर सीलंटने बुजवून देतात, न दुखता.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं आणि मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. ते घासून जात नाहीत. पाणी तपासून घ्या, लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते प्यायला वापरू नका, आणि मुलांच्या पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारा.

कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची, गरम पाण्यात नाही, ती वाकडी होते. टूथपेस्टने चरे पडतात. मऊ ब्रश आणि साधा साबण बरा. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा, हातातून निसटली तरी फुटणार नाही. हिरड्या आणि टाळूही रोज ओल्या कापडाने पुसायच्या.

माउथवॉश रोज लागत नाही. क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक माउथवॉश डॉक्टरांनी दिलं तर १० मिलिलिटर, अर्धा ते एक मिनिट, पेस्टनंतर अर्ध्या तासाने आणि दोन आठवड्यांच्या वर नाही. जास्त दिवस वापरलं की दात तपकिरी होतात. सळसळीच्या पेस्टला दोन ते चार आठवडे द्यावे लागतात. एकाच दाताला ठणका असेल तर त्या पेस्टने तो झाकू नका.

डॉक्टरांकडे केव्हा

काही दुखत नसतानाही वर्षातून एकदा, मधुमेह असेल तर सहा महिन्यांनी. हिरडीचा आजार साखर वाढवतो आणि वाढलेली साखर हिरडी बिघडवते. किटण काढल्यावर दात हलतात, फटी पडतात असं म्हणतात. फट आधीच होती, किटणाने बुजलेली होती. दोन-चार दिवस थंड लागतं, मग जातं. गरोदरपणात चौथा ते सहावा महिना उपचाराला सर्वांत सोयीचा.

दुखऱ्या दातावर लवंगेचं तेल थेट ओतू नका, कापसाला लावून तो पिळून मग ठेवा. हिरडीवर गेलं तर भाजतं. दुखण्याची गोळी गालात धरली तरी तशीच जखम होते. गोळी गिळायची असते.

पंधरा दिवसांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट अजिबात सहन न होणं, तोंडात स्वतःची तीन बोटं उभी न मावणं, मोठ्या माणसाचा दात आपोआप हलू लागणं, यांतलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. सुपारी-गुटखा खाणाऱ्यांनी तीन बोटांची चाचणी दर महिन्याला करावी. गालावर सूज, ताप आणि गिळायला त्रास एकत्र आले तर रात्र काढू नका, थेट रुग्णालयात जा.

खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे खाजगीपेक्षा खूप कमी पैशांत काम होतं. शिकाऊ डॉक्टर करतात, त्यांच्यावर शिक्षकांची नजर असते, वेळ जास्त लागतो. सकाळी लवकर, पोटात काहीतरी टाकून जा, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, आणि रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर ते नंबर लावतानाच सांगा.